टी-34चं मॉडेल : सांध्यापासून चिखलापर्यंत

विमानांची मॉडेलं मी पुष्कळ जोडली आहेत. 1:72 ची, 1:48 ची, बहुतेक सगळी स्वच्छ, कारखान्यातून नुकतीच बाहेर पडावीत तशी. पण मला राबलेलं यंत्र करायचं होतं. बघणाऱ्याला कळलं पाहिजे की यावर माणसं चढली-उतरली आहेत, यात घाईघाईने इंधन भरलं गेलंय, हे चिखलातून गेलंय. म्हणून 1:35 मधला टी-34-85 घेतला. 1944 मध्ये उत्पादनात आलेला, 85 मिलिमीटरच्या तोफेचा सोव्हिएत रणगाडा. वेदरिंगच्या, म्हणजे मॉडेल वापरून मळल्या-झिजल्यासारखं रंगवण्याच्या, नावाने बरेच जण बिचकतात, छान रंगवलेलं मॉडेल खराब होईल म्हणून. माझ्या हातून ते कसं पार पडलं ते सविस्तर लिहिते.

आधी प्रमाणाबद्दल. 1:72 मागे साधा हिशेब आहे, मॉडेलवरचा 1 इंच म्हणजे खरे 6 फूट. 1:48 मध्ये 1 इंच म्हणजे 4 फूट. 1:35 हा आकडा मात्र असा कुठल्याच फूटपट्टीतून आलेला नाही. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला तामियाने मोटरवर चालणारं पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं. आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा आकार धरला, आणि तो निघाला साधारण 1:35. पुढे जगभरच्या रणगाड्यांच्या मॉडेलांचं तेच प्रमाण होऊन बसलं. टी-34-85 तोफेच्या टोकापर्यंत सुमारे 8.1 मीटर लांब, म्हणजे मॉडेल 23 सेंटिमीटर. चाकांभोवती फिरणारा लोखंडी पट्टा 500 मिलिमीटर रुंद, म्हणजे मॉडेलवर 14. हा भागाकार मी शेवटपर्यंत डोक्यात ठेवला, कारण वेदरिंगमध्ये त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. मॉडेलवर 1 मिलिमीटरचा रंग उडालेला दाखवला, तर खऱ्या रणगाड्यावर तो साडेतीन सेंटिमीटरचा झाला. 3 मिलिमीटरचा दाखवला तर तळहाताएवढा पत्रा उघडा पडला!

जोडणीत फार रेंगाळत नाही. भाग फ्रेमपासून सोडवताना निपरने दोनदा कापायचं, पहिल्यांदा थोडं अंतर राखून आणि मग जवळून, म्हणजे प्लास्टिक ताणलं जाऊन पांढरं पडत नाही. राहिलेला उंचवटा कानस आणि पॉलिश पेपरने काढायचा, 400 नंबरपासून 1000 पर्यंत. पॉलिस्टायरीनसाठीचं पातळ सिमेंट हे खरं तर चिकटवत नाही, विरघळवतं. त्यातले ब्युटाइल ॲसिटेट आणि ॲसिटोन दोन्ही कडा मऊ करतात, त्या एकमेकींत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की सांधा उरतच नाही, एकच प्लास्टिक होतं. दोन भाग आधी जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवायचं, सिमेंट आपलं आपण आत धावतं. पितळी पत्र्याचे बारीक भाग मात्र याला दाद देत नाहीत, त्यांना सायनोॲक्रिलेट, म्हणजे सुपरग्लू, लागतं. तोफेची नळी दोन अर्ध्या तुकड्यांत होती. तिच्या शिवणीत लांबी (पुटी) भरली आणि घासताना नळी सतत फिरवत राहिले, नाहीतर ती एका बाजूने चपटी होते.

इथे एक गोष्ट मी हौसेने केली. टी-34 चं खालचं धूड सपाट चिलखती पत्रे वेल्डिंग करून बनवलेलं, तर टरेट, म्हणजे वरचा तोफेसह फिरणारा बुरूज, ओतीव पोलादाचा. ओतीव पोलादाची कातडी खरखरीत असते, पत्र्याची नसते. किटमध्ये दोन्ही पृष्ठभाग जवळजवळ सारखेच गुळगुळीत होते. टरेटवर बाटलीतलं घट्टसर प्रायमर एका जुन्या, राठ झालेल्या ब्रशने टोचत टोचत लावलं. लावायचं नाही, टोचायचं. सुकल्यावर बारीक पेपरने वरवर घासलं, की टोकं बसतात आणि खळगे राहतात. मग धातूचा रंगही न देता नुसत्या स्पर्शाला कळायला लागलं, की हे दोन भाग वेगवेगळ्या पद्धतीने बनले आहेत. पुढे वॉश (खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग) दिला तेव्हा रंग याच खळग्यांत जाऊन बसला आणि टरेट जिवंत झाला. जोडणीच्या वेळी केलेल्या कामाचं चीज वेदरिंगमध्ये होतं, ते असं.

पट्ट्यांचंही तसंच. टी-34ला मोठी पाच चाकं प्रत्येक बाजूला, आणि परतीचा पट्टा तोलून धरणारे वरचे छोटे रोलर नाहीतच. त्यामुळे पट्टा वरच्या बाजूला स्वतःच्या वजनाने लोंबतो आणि चाकांच्या माथ्यावर टेकतो. ताठ, सरळ रेषेत ताणलेला पट्टा दिसला की बाकी कितीही सुंदर रंगवलेलं असो, मॉडेल खोटं वाटतं. मी पट्ट्याचे सुटे दुवे जोडायचे ठरवले. सिमेंट लावून अर्धवट मऊ असतानाच चाकांवर बसवले आणि प्रत्येक दोन चाकांच्या मध्ये कापसाचे बोळे दाबून वाळू दिले.

प्रायमरनंतर रंगाचे हात. एअरब्रशचं (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनचं) नोझल 0.3 मिलिमीटरचं, दाब 15 ते 20 पीएसआय, रंग दुधाइतका पातळ. सोव्हिएत संरक्षक हिरवा बाटलीत गडद असतो, आणि एवढ्याशा वस्तूवर तो आणखी गडद दिसतो. म्हणून दुसऱ्या हातात थोडा पिवळसर रंग मिसळला आणि आडव्या पत्र्यांच्या मध्यावर तो जरा जास्त फिरवला, कडांना आणि खालच्या भागाला मूळ रंग राहू दिला. फवारताना सेंद्रिय बाष्प अडवणारा मास्क घातलेला होता आणि खिडकी उघडी होती. साधा कापडी मास्क थिनरची वाफ अडवत नाही, हे ठासून सांगते.

आता माझ्या दृष्टीने या छंदाचा गाभा. वेदरिंग म्हणजे एकावर एक पातळ थर, आणि प्रत्येक नवा थर खालच्या थराला न उठवता बसला पाहिजे. हे हाताच्या कसबापेक्षा रसायनावर अवलंबून आहे. माझा मूळ रंग ॲक्रिलिक. पूर्ण सुकलेल्या ॲक्रिलिकला व्हाइट स्पिरिट (तैलरंग पातळ करायचा द्रावक) काही करत नाही. एनॅमल आणि चित्रकाराचे तैलरंग मात्र व्हाइट स्पिरिटमध्ये सहज उठतात. म्हणजे ॲक्रिलिकवर तैलरंगाचा डाग दिला आणि आवडला नाही, तर ओलसर ब्रशने तो पुसता येतो, खालचा हिरवा जसाच्या तसा. हे कळल्यावर भीती उरत नाही. मध्ये ॲक्रिलिक वार्निशचा एक हात दिला की तोपर्यंतचं काम कुलूपबंद झालं. डिकॅल, म्हणजे आकडे-चिन्हांचे पाण्यात भिजवून चिकटवायचे पातळ छाप, लावण्याआधीही वार्निश, आणि ते ग्लॉसच. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म खरखरीत असतो, त्यावर डिकॅलखाली हवा अडकते आणि पारदर्शक भाग चंदेरी दिसतो. ग्लॉसवर डिकॅल सपाट बसतं, मग ते मऊ करणाऱ्या सॉफ्टनरने पृष्ठभागाच्या अंगाशी लागतं, आणि शेवटच्या मॅट वार्निशखाली त्याची कड दिसेनाशी होते. एक सावधगिरी मात्र हवीच. व्हाइट स्पिरिट रंग नसलेल्या, ताणाखाली असलेल्या प्लास्टिकमध्ये साचू द्यायचं नाही. चाकांचे आस, दाबून बसवलेले सांधे अशा ठिकाणी प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं. मी पोटाखालूनही रंग दिला तो त्यासाठीच.

पहिला थर रंग उडण्याचा. काही ठिकाणी हेअरस्प्रे वापरला. खाली गडद तपकिरी, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर हिरवा ॲक्रिलिक. हिरवा हाताला कोरडा लागला की कोमट पाण्यात बुडवलेल्या राठ ब्रशने हलकेच घासायचं. पाणी रंगातून झिरपून हेअरस्प्रेला विरघळवतं आणि वरचा रंग खऱ्यासारखे अनियमित पोपडे धरून निघतो. बाकी ठिकाणी स्पंजचा तुकडा. चिमट्यात धरून रंगात बुडवायचा, जवळजवळ सगळा रंग कागदावर टिपून टाकायचा आणि मग कडेला टेकवायचा. आधी मूळ हिरव्यापेक्षा फिकट हिरव्याने वरवरचे ओरखडे, मग त्यातल्या मोजक्याच ओरखड्यांच्या आत गडद तपकिरी. या दोन पायऱ्यांमुळे ओरखड्याला खोली येते.

कुठे टेकवायचा, हा खरा प्रश्न. मी प्रत्येक खुणेला विचारत गेले, तू कोणामुळे? चालकाचं झाकण पुढच्या तिरक्या पत्र्यात आहे, तो तिथूनच आतबाहेर करतो, म्हणून त्या झाकणाची कड झिजलेली. कमांडरचा कपोला (झाकण असलेला छोटा उंचवटा) टरेटच्या डाव्या बाजूला, म्हणून बूट तिथे जास्त घासणार. टरेटला आणि धुडाला दांडे लावलेले असतात, कारण पायदळाचे सैनिक रणगाड्यावर बसून जायचे, त्या दांड्यांना धरून. दांड्यांचा वरचा भाग मी पेन्सिलीच्या ग्रॅफाइटने चोळला, बोटांनी गुळगुळीत झालेला धातू दिसावा म्हणून. टरेटच्या मागच्या भिंतीला मात्र, जिथे कोणाचा हात-पाय लागत नाही, तिथे एकही ओरखडा दिला नाही. सगळीकडे सारखे ओरखडे दिले की बघणाऱ्याला काहीच कळत नाही. रिकामी जागा तेवढीच महत्त्वाची. युद्धातल्या रणगाड्याचं आयुष्य बहुधा छोटं असायचं, त्यामुळे वर्षानुवर्षं उघड्यावर पडलेल्या भंगारासारखा गंज त्याला शोभत नाही. म्हणून गंज मी सायलेन्सरच्या नळ्या आणि पट्टे यांच्यापुरताच ठेवला.

मग ओघळ. यासाठी तैलरंगच. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर काढून ठेवायचा, पुठ्ठा जवसाचं तेल शोषून घेतो, मग रंग लवकर सुकतो आणि तुकतुकीत राहत नाही. बर्न्ट अंबरचा (गडद तपकिरी रंगाचा) सुईच्या टोकाएवढा ठिपका पत्र्याच्या वरच्या कडेला, आणि व्हाइट स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला चपटा ब्रश वरून खाली, गुरुत्वाकर्षणाच्या दिशेनेच. टी-34च्या तिरक्या बाजूंवर हे फार खुलतं. ओघळ बोल्टखाली सुरू होऊन खाली जाता जाता विरला पाहिजे. प्रत्येक ओढीनंतर ब्रश कागदाला पुसायचा. आडव्या पत्र्यांवर ओघळ नसतोच, तिथे धूळ साचते, म्हणून तिथे फिकट पिवळसर, करडे असे ठिपके देऊन ते जिरवून टाकले. हिरव्यात हिरव्याच्याच चार छटा दिसू लागल्या, त्या याच कामातून.

बाजूच्या दंडगोल जादा टाक्या मला विशेष प्रिय. त्या मुख्य इंधनव्यवस्थेला जोडलेल्या नसायच्या, रणगाड्यातली माणसं त्यांतलं इंधन स्वतः काढून घ्यायची. म्हणजे सांडलवंड आलीच. टाकीच्या तोंडाभोवती गडद तपकिरी तैलरंगात थोडं ग्लॉस वार्निश मिसळून डाग दिला, त्याच्या मध्यभागी पुन्हा छोटा, अधिक चकचकीत डाग. बाहेरचा डाग जुना आणि धुळीने मंद झालेला, आतला ताजा. एकाच जागी दोन वेगळे दिवस दिसतात. मॅट पृष्ठभागावर तेवढाच भाग चमकतो आणि नजर आपोआप तिथे जाते. मागच्या पत्र्यातून बाहेर येणाऱ्या दोन सायलेन्सर नळ्यांभोवती काळी काजळी. तिच्यात मी तपकिरी मिसळली, निव्वळ काळा रंग पत्र्याला भोक पडल्यासारखा दिसतो.

मॅट वार्निश या चकचकीत डागांच्या आधीच दिलं होतं, पिगमेंट, म्हणजे सुकी रंगीत पूड, मात्र सगळ्यांच्या नंतर. सुक्या पिगमेंटवर वार्निश फवारलं की त्यातली फिकट धूळ जवळजवळ नाहीशी होते, म्हणून पिगमेंट सगळ्यात शेवटी आणि ते फिक्सरने (पूड धरून ठेवणाऱ्या द्रवाने) बसवायचं. चिखलासाठी पिगमेंट, थोडं प्लास्टर आणि ॲक्रिलिक जेल यांचं मिश्रण. खाली घट्ट आणि फिकट, कारण तो वाळलेला, वरती कमी आणि गडद, कारण तो ताजा उडालेला. जेलमध्ये भिजवलेला ब्रश चाकांजवळ धरून त्यावर एअरब्रशची नुसती हवा सोडली, तर शिंतोडे मागच्या दिशेने उडाल्यासारखे पडले. टी-34चं पट्टा फिरवणारं दातेरी चाक मागे असतं, पट्टा तिथे वळून वर येताना चिखल फेकतो, म्हणून मागचे मडगार्ड पुढच्यांपेक्षा जास्त माखले. पट्ट्यांच्या जमिनीला टेकणाऱ्या कडा आणि चाकांच्या मधून जाणारे दात, एवढेच ग्रॅफाइटने उजळले. तिथे पोलाद पोलादाला किंवा दगडाला घासतं, गंज टिकत नाही.

आता मला याच रणगाड्याचं हिवाळी रूप करायचं आहे, हिरव्यावर फासलेला पांढरा चुन्यासारखा रंग, निम्मा धुऊन गेलेला. हेअरस्प्रेची तीच युक्ती तिथे जास्त मोठ्या प्रमाणावर लागेल. दुसरं किट उघडलं आहे, टरेटवर प्रायमर टोचून झालंय.