कलाकार : अज्ञात

जुन्या तबकड्या आणि स्पूल टेपा धुऊन-पुसून त्यांचे डिजिटल ध्वनिमुद्रण करून देणे हा माझा व्यवसाय आहे. गेल्या पावसाळ्यात पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक काकू प्लॅस्टिकच्या दोन क्रेट रिक्षातून घेऊन आल्या. त्यांचे यजमान मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते आणि बोट ज्या बंदराला लागेल तिथून तबकडी आणायची, हा त्यांचा शिरस्ता होता. २६ जुलै २००५ च्या पुरात कालिन्याच्या तळमजल्यावरील घरात कमरेच्या वर पाणी चढले, तेव्हा बहुतेक कव्हरांचा लगदा झाला. तबकड्या मात्र कोणीतरी नळाखाली धरून वाळवल्या आणि पुढची वीस वर्षे त्या माळ्यावर पडून राहिल्या. यजमान जाऊन तीन वर्षे झाली होती.

"मराठी आणि शास्त्रीय तेवढ्या करून द्या," काकू म्हणाल्या. "इंग्रजी राहू द्यात. ही एक मात्र करा, ह्यांची आवडती होती."

त्या एका तबकडीच्या मधल्या लेबलाचा बराचसा कागद निघून गेला होता. नारिंगी रंगाचा एक तुकडा, त्यावर 'सीबीएस' ही अक्षरे, जर्मन भाषेतल्या हक्कसूचनेची अर्धी ओळ आणि नावाच्या जागी 'लूज' हा शेवटचा शब्द, एवढेच उरले होते. खाचांमध्ये पुराचा गाळ इतका घट्ट बसला होता, की ऊर्ध्वपातित पाण्याने दोनदा धुऊन, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने फिरवून आणि रात्रभर उभी वाळवूनही तिच्यावर राखाडी झाक राहिलीच. सकाळी मी सुई टेकवली, ध्वनिपातळी लावली आणि तोवर नोंदवहीचे रकाने भरून टाकले. भाषा : इंग्रजी. देश : जर्मनी. प्रकार : डिस्को. कलाकार : अज्ञात.

आमच्या कामात वीस मिनिटांच्या बाजूला वीसच मिनिटे लागतात, घाई करता येत नाही. मी पडद्यावरची लाटांची रेघ पाहत होतो, म्हणजे खरे सांगायचे तर ऐकत नव्हतोच. एका गाण्याच्या सुरुवातीला बेस गिटारचा आळसावलेला, गोल ठेका सुरू झाला आणि पलीकडच्या टेबलावर कॅसेटची पट्टी जोडत बसलेल्या माझ्या तेवीस वर्षांच्या सहायकाने मान वर केली.

"सर, हे बिगीचं आहे."

"बिगी कोण?"

त्याने मोबाइलवर नटोरियस बी.आय.जी. या न्यूयॉर्कच्या रॅपरचे गाणे लावले. त्याची हत्या झाल्यानंतर दोनच आठवड्यांनी, मार्च १९९७ मध्ये, बाजारात आलेल्या 'लाइफ आफ्टर डेथ' या अल्बममधले ते गाणे होते आणि त्याखाली हाच ठेका वाजत होता. मूळ गाणे कोणाचे, हे शोधायला त्याला अर्धा मिनिटही लागला नाही. 'स्पेस टॉक', अल्बम 'द डेव्हिल इज लूज', १९७६. तबकडीच्या शेवटच्या खाचेपाशी कोरलेला क्रमांक भिंगाखाली धरून पडताळला, तो जुळला. गायिका : आशा पुथली, जन्म मुंबई, १९४५.

मी आठ वर्षे शास्त्रीय गाणे शिकलो आहे आणि कानावर काम करतो, असे लोकांना अभिमानाने सांगतो. त्या दिवशी सुई मागे नेऊन ते गाणे पुन्हा लावले, तेव्हा कुठे ऐकू आले, की माइकच्या अगदी जवळ कुजबुजल्यासारखा येणारा तो आवाज वरच्या स्वरावरून खाली येताना पायऱ्या उतरत नाही, तर मींड घेत ओघळतो. पहिल्या वेळी मी 'जर्मन डिस्को' असे लिहून मोकळा झालो होतो आणि लिहिल्यावर ऐकण्यासारखे काही उरले नव्हते.

याहून खजील करणारी गोष्ट दुपारी घडली. ते नाव कुठेतरी वाचल्यासारखे वाटत होते, म्हणून माझे फडताळ उघडले. ऑर्नेट कोलमन या जॅझ वादकाचा 'सायन्स फिक्शन' हा १९७१ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला अल्बम माझ्याकडे पंधरा वर्षे आहे. त्यातली 'व्हॉट रीझन कुड आय गिव्ह' आणि 'ऑल माय लाइफ' ही दोन गाणी मी किती वेळा ऐकली असतील, याची गणती नाही. गाणारी तीच होती, नाव कव्हरवर छापलेले होते आणि माझ्या लेखी ती 'कोलमनची गायिका' एवढीच होती.

मुंबईत भारतीय रागसंगीत आणि ऑपेरा यांचे शिक्षण घेतलेल्या या मुलीने परदेशी जाण्यासाठी विमान कंपनीत हवाईसुंदरीची नोकरी धरली. पुढे मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यसंस्थेची शिष्यवृत्ती मिळवून ती न्यूयॉर्कला राहिली. बिली हॉलिडेला हेरणाऱ्या आणि अरीथा फ्रँकलिन, बॉब डिलन यांना कोलंबिया कंपनीत आणणाऱ्या जॉन हॅमंड यांनी तिला कोलमनकडे पाठवले. तरीही तिचे स्वतःचे अल्बम निघाले ते युरोपात. १९७३ चा पहिला लंडनमध्ये डेल न्यूमन यांनी केला, त्यात बिल विदर्स आणि जॉर्ज हॅरिसन यांची गाणी तिने आपल्या चालीने वळवली. 'द डेव्हिल इज लूज' जर्मनीत डीटर झिमरमन यांनी केला. सोल आणि फंक गाणारी ही भारतीय स्त्री दुकानातल्या कोणत्या कप्प्यात ठेवायची, हे अमेरिकी कंपन्यांना उमगले नसावे, असे माझे मत आहे. अर्थात, सकाळीच रकाना चुकलेल्या माणसाने त्यांना फार बोलू नये. 'स्पेस टॉक' मात्र न्यूयॉर्कला पोहोचलेच. डेव्हिड मँक्यूसो आपल्या राहत्या घरी 'लॉफ्ट' नावाच्या ज्या नृत्यरात्री भरवत, तिथे ते वाजत राहिले आणि वीस वर्षांनी रॅपच्या पोटात शिरून माझ्या सहायकापर्यंत आले.

शनिवारी काकू पेनड्राइव्ह न्यायला आल्या, तेव्हा मी त्यांना हे सगळे सांगितले. त्या बराच वेळ त्या नारिंगी तुकड्यावर अंगठा फिरवत राहिल्या.

"हे सांगायचे, की ही आपल्या मुंबईची पोरगी आहे म्हणून. आम्ही सगळे हसायचो. म्हटलं, हॅम्बुर्गच्या दुकानदारानं गंडवलं तुम्हाला." मग त्यांनी विचारले, "आता कुठे असते ती? गाते अजून?"

२०२४ च्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवात ती एकोणऐंशीव्या वर्षी गायली, हे मी सांगितले. काकूंनी मनातल्या मनात हिशेब केला.

"म्हणजे माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी," त्या म्हणाल्या आणि पर्स उघडता उघडता थांबून, बाकीच्या इंग्रजी तबकड्यांचे किती होतील, हे विचारू लागल्या.