शांघायहून क्रूझ घेताय? आधी व्हिसावरच्या एंट्री मोजा

शांघायहून सुटणारी क्रूझ साधारण चार-पाच रात्रींत कोरिया किंवा जपानच्या बंदरांना जाऊन शांघायलाच परत येते. याचा अर्थ तुम्ही चीनमध्ये दोनदा शिरता, एकदा विमानाने आणि एकदा जहाजाने. जहाजावर चढताना इमिग्रेशनमध्ये देश सोडल्याची नोंद होते आणि सिंगल एंट्री व्हिसा तिथेच संपतो. परतल्यावर उतरता येणार नाही अशा प्रवाशाला चेक-इनलाच थांबवतात आणि केबिनचे पैसेही सहसा परत मिळत नाहीत. म्हणून डबल एंट्री व्हिसाच हवा. मार्गात फक्त हाँगकाँग असलं तरीही हाच नियम लागू होतो, कारण इमिग्रेशनच्या हिशेबात हाँगकाँग म्हणजे मुख्य चीनच्या बाहेर.

अर्जात डबल एंट्रीचा पर्याय आपणच निवडायचा असतो. सोबत विमानाची तिकिटं, क्रूझचं बुकिंग आणि दिवसवार कार्यक्रम जोडा. कार्यक्रमात ‘शांघायहून जहाजाने प्रस्थान’ आणि ‘शांघायला जहाजाने पुन्हा प्रवेश’ अशा दोन वेगळ्या ओळी तारखांसकट लिहा, म्हणजे दुसरी एंट्री का मागितली हे तपासणाऱ्याला शोधावं लागत नाही. फोटो ३३ बाय ४८ मिलिमीटरचा आणि पांढऱ्या पार्श्वभूमीचा लागतो. आपल्याकडच्या स्टुडिओत ‘व्हिसा फोटो’ म्हटलं की बहुधा दुसऱ्याच मापाचा काढून देतात, तेव्हा माप लिहून न्या. व्हिसा हातात आला की काउंटर सोडण्याआधी एंट्रीचा आकडा, कोणत्या तारखेपर्यंत प्रवेश करता येईल आणि दर वेळी किती दिवस राहता येईल, हे तिन्ही वाचा. दुसरी एंट्रीसुद्धा त्याच तारखेच्या आत व्हायला हवी.

‘क्रूझने गेलं तर चीनला व्हिसा लागत नाही’ असे रील फिरत असतात. तशी योजना आहे, १५ मे २०२४ पासून. ती परदेशातून क्रूझनेच चीनला येणाऱ्या, चिनी ट्रॅव्हल कंपनीने आखलेल्या गटांसाठी आहे, आणि त्या गटाने त्याच जहाजाने परत जायचं असतं. विमानाने शांघायला उतरून तिथे जहाजावर चढणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. तिसऱ्या देशात जाताना वाटेत २४० तास व्हिसाशिवाय चीनमध्ये थांबू देणारी ट्रान्झिट सवलतही आहे, पण त्या सवलतीच्या देशांत भारत नाही.

पुढच्या बंदरांचं पाहू. जेजू बेटाचा नियम कोरियाच्या मुख्य भूमीपेक्षा वेगळा आहे, त्यामुळे जेजूला चाललं ते बुसानला चालेल असं धरू नका. जपानने २०१५ पासून ठराविक क्रूझ जहाजांच्या प्रवाशांना तेवढ्यापुरतं उतरण्याची परवानगी देण्याची सोय केली आहे. तुमचं जहाज त्यात आहे का आणि भारतीय पासपोर्टला कंपनी काय अट घालते, याचं उत्तर क्रूझ कंपनीकडून ईमेलवर घ्या. एजंटच्या फोनवर विसंबू नका, कारण काउंटरवर दाखवायला लेखी काहीतरी लागतं. हाँगकाँगसाठी भारतीयांना आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती मोफत आहे. व्हिएतनामच्या ई-व्हिसात प्रवेशाचं ठिकाण निवडावं लागतं. तिथे विमानतळ न टाकता जहाज लागणारं बंदर टाका.

पासपोर्टवर किमान सहा महिन्यांची मुदत आणि दोन कोरी पानं हवीत. नूतनीकरण करायचं असेल तर ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट क्रूझच्या बुकिंगआधी घ्या, कारण पासपोर्टचा नंबर बदलला की बुकिंग आणि व्हिसाचा अर्ज दोन्ही जुळवत बसावे लागतात. आमच्या मते क्रम असा ठेवावा: पासपोर्ट, मग अनामत भरून केबिन, मग व्हिसा, शेवटी उरलेली रक्कम. अनामत परत मिळण्याची शेवटची तारीख व्हिसा हाती येण्याच्या नंतरची असेल असाच दर निवडा. थोडा महाग पडला तरी चालेल.

आता जहाज. चीनमध्ये बांधलेलं पहिलं मोठं क्रूझ जहाज म्हणजे ‘अडोरा मॅजिक सिटी’. शांघायच्या वायगाओछियाओ गोदीने ते ४ नोव्हेंबर २०२३ ला सुपूर्द केलं आणि १ जानेवारी २०२४ ला त्याची पहिली सफर झाली. लांबी ३२३.६ मीटर, आकारमान सुमारे १,३५,५०० टन, केबिन २,१२५ आणि पूर्ण भरलं तर प्रवासी ५,२४६. त्याच मालिकेतलं दुसरं, ‘अडोरा फ्लोरा सिटी’, थोडं मोठं आहे, सुमारे १,४१,९०० टनांचं. ते २०२६ च्या अखेरीस सुपूर्द करण्याचं आणि ग्वांगझोच्या नानशा बंदरातून चालवण्याचं नियोजन जाहीर झालेलं आहे. रॉयल कॅरिबियनचं ‘स्पेक्ट्रम ऑफ द सीज’ २०१९ चं, चिनी बाजारपेठ डोळ्यांसमोर ठेवून बांधलेलं. चीनसाठी बांधलेलं जहाज चीनमध्ये राहतंच असं मात्र नाही. ‘नॉर्वेजियन जॉय’ २०१७ मध्ये खास चीनसाठी आलं आणि २०१९ मध्ये अमेरिकेकडे वळवलं गेलं. तेव्हा जुन्या व्हिडिओवरून जहाज ठरवू नका, तुमच्या तारखेला ते कुठल्या बंदरात आहे ते पाहा.

नव्या जहाजाचे पहिले दोन-तीन महिने टाळलेले बरे. गोदीतून ताबा मिळायला उशीर झाला तर पहिल्या सफरी रद्द होतात, आणि वेळेवर सुटल्या तरी एखादं रेस्टॉरंट बंद, लिफ्टसाठी रांगा, कर्मचारी अजून शिकत असलेले, असं चालतं. स्थानिक प्रवासी दुसरी तारीख घेतात. आपली विमानाची तिकिटं आणि व्हिसा मात्र त्या एकाच तारखेला बांधलेले असतात.

तारखा निवडताना चिनी सुट्ट्यांचं कॅलेंडर समोर ठेवा. वसंतोत्सवाचा म्हणजे चिनी नववर्षाचा आठवडा, मे महिन्याचे पहिले दिवस, जुलै-ऑगस्टची शाळांची सुट्टी आणि १ ते ७ ऑक्टोबर, या काळात भाडं चढतं आणि जहाज मुलांसकट गच्च भरतं. पूर्व चीन समुद्रात वादळांचा जोर जुलै ते सप्टेंबर. हिवाळ्याच्या शेवटापासून वसंतापर्यंत शांघायजवळ यांगत्से नदीच्या मुखाशी धुकं दाटतं आणि जहाजांची ये-जा काही तास थांबते. या सगळ्यांतून उरते ती दिवाळीची सुट्टी, खास करून नोव्हेंबरमध्ये आली तर. हवा गार आणि गर्दी कमी. वारा उत्तरेचा असतो आणि एखादा दिवस समुद्र खवळतो, म्हणून आई-बाबा बरोबर असतील तर केबिन खालच्या डेकवर, जहाजाच्या मध्यावर घ्या. तिथे हेलकावा सगळ्यात कमी जाणवतो. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून इथूनच न्या आणि समुद्र खवळण्याआधी घ्या. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही.

मुंबईहून शांघायला जाताना बहुधा विमान बदलावं लागतं. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर भारत-चीन थेट सेवा पुन्हा सुरू झाली ती कोलकाता-ग्वांगझो मार्गाने. चीनमध्ये उतरून पुढे देशांतर्गत विमान घेणार असाल तर पॉवर बँककडे लक्ष द्या. २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत ‘थ्री-सी’ (CCC) ही चिनी प्रमाणपत्राची खूण नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. भारतात घेतलेल्या पॉवर बँकवर ती खूण असेलच असं नाही, आणि नसली तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेतात.

शांघायचं क्रूझ टर्मिनल म्हणजे वुसोंगकोऊ, शहराच्या उत्तरेला बाओशान भागात, हुआंगपू नदी यांगत्सेला मिळते तिथे. शहराच्या मध्यात नॉर्थ बंडलाही एक क्रूझ टर्मिनल आहे. वाटेतल्या यांगपू पुलाखालून मोठी जहाजं जाऊ शकत नाहीत, म्हणून ती तिथे लागत नाहीत, पण टॅक्सीवाल्याला नुसतं ‘क्रूझ टर्मिनल’ सांगितलं तर तो तिकडे नेऊ शकतो. टर्मिनलचं नाव चिनी लिपीत फोनवर आणि कागदावर, दोन्हीकडे ठेवा. मेट्रोने जायचं तर तीन नंबरच्या लाइनवर बाओयांग रोड स्टेशन, तिथून पुढे टॅक्सी. पुदोंग विमानतळावरून मोठ्या बॅगा घेऊन हा प्रवास फार लांबतो, थेट टॅक्सी परवडते. जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी शांघायला पोचायलाच हवं. बॅग केबिनकडे पाठवायला देताना पासपोर्ट आणि औषधं तिच्यात राहू देऊ नका. ती संध्याकाळपर्यंत हाती येत नाही.

चीनमध्ये गुगल आणि व्हॉट्सअ‍ॅप स्थानिक वायफायवर चालत नाहीत. भारतीय सिमचं इंटरनॅशनल रोमिंग घेतलं तर ते बहुधा चालतात, शिवाय बँकेचा ओटीपीही येतो. अलीपे हे पैसे देण्याचं चिनी अ‍ॅप घरूनच उतरवून पासपोर्टची पडताळणी करा आणि ‘व्हिसा’ किंवा ‘मास्टरकार्ड’ कंपनीचं बँक कार्ड जोडा. नुसतं रुपे कार्ड नेऊ नका. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे परदेशातले व्यवहार सुरू केलेत का, तेही बघा. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला अलीपे जादा आकार घेत नाही, त्याहून मोठ्या व्यवहाराला ३ टक्के घेतं. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे कंपनीने आपल्याकडून आधीच गोळा करायचा आयकर, कापला जातो. त्याची पावती ठेवा, रिटर्न भरताना तो वळता करून घेता येतो.

शाकाहाराची नोंद बुकिंगच्या वेळीच करा आणि सुटण्याआधी पुन्हा ईमेल करा. चिनी स्वयंपाकात हिरव्या भाजीतही ऑयस्टर सॉस, डुकराची चरबी किंवा मांसाचं पाणी असू शकतं, त्यामुळे ‘भाजी द्या’ म्हणून भागत नाही. काय चालत नाही ते एकेक नाव घेऊन चिनीत छापलेलं कार्ड जवळ ठेवा: मांस, मासे, अंडं, चरबी, ऑयस्टर सॉस. बौद्ध पद्धतीच्या शाकाहारी जेवणात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन कुटुंबांना तेच मागणं सोपं पडतं. कंद मात्र असू शकतात, ते वेगळं सांगा. ठेपले, खाकरे, मेतकूट, चिवडा असं कोरडं, बंद पाकिटातलं खुशाल न्या. इस्त्री, छोटा कुकर किंवा शेगडी जहाजावर चढताना काढून घेतात. जपानमध्ये उतरताना पर्समध्ये फळं किंवा मांसाचे पदार्थ असू नयेत.

जहाजावरच्या घोषणा आणि कार्यक्रम मुख्यतः मँडरिनमध्ये असतात, म्हणून किनाऱ्यावरून परतण्याची वेळ रोज रिसेप्शनवर लिहून घ्या. शेवटच्या सकाळी जहाज धक्क्याला लागलं तरी बॅगा आणि इमिग्रेशन उरकायला निम्मा दिवस जातो. परतीचं विमान संध्याकाळी उशिराचं घ्या आणि धुक्याच्या महिन्यांत दुसऱ्या दिवशीचं.