शेरेबुकात न लिहिलेलं

आमची शाळा द्विशिक्षकी. तिसरी-चौथी माझ्याकडे, पहिली-दुसरी सरांकडे. आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, मुलांना वाचायला लावावं ते सरांनीच, आणि हे मी मैत्रीखातर म्हणत नाही. 'काना' शिकवताना ते एका मुलाला 'क' करतात, दुसऱ्याला 'र', आणि तिसरा काना. काना 'क'शेजारी उभा राहिला की 'कर'चा 'कार' होतो. पळत शेवटी गेला की 'करा'. पोरं हसत-खिदळत वाचायला लागतात. असं शिकवणं कुठल्याही प्रशिक्षणात मिळत नाही.

या वर्षी सर बीएलओ आहेत, म्हणजे मतदारयादीचं काम बघणारे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. शाळा सुटली की मतदारयादी घेऊन घरोघर. त्यात विद्यार्थ्यांचं आधार. शाळेच्या दाखलखारिजात, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीत, एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, की विद्यार्थ्यांच्या सरकारी पोर्टलवर नाव अवैध. पाचव्या वर्षानंतर बोटांचे ठसे अपडेट करायचे, तर ऊसतोडीला गेलेल्या पालकांना गाठायचं कुठे? आधार वैध नसेल तर ते मूल संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, धरत नाहीत, पट घटला की पद जातं. म्हणजे स्वतःची खुर्ची टिकवण्यासाठी वर्ग सोडून मोबाइलवर बसायचं. शिवाय पोषण आहाराची रोजची नोंद, मुलामागे 100 ग्रॅम तांदळाचा हिशेब.

त्या दिवशी विस्तार अधिकारी आले. दुसरीतल्या एका मुलीपुढे त्यांनी उतारा ठेवला. ती 'वारा'पाशी थांबली. तेवढ्यात सरांचा फोन वाजला, आधारची माहिती आजच हवी होती. फोन ठेवला आणि सर त्या मुलीवर ओरडले, "एवढंही येत नाही?" चार वर्गांत एकदम शांतता. इतक्या वर्षांत मी सरांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. ते व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून बसले. हात थरथरत होते. साहेबांनी 'वाचनक्षमता असमाधानकारक' असा शेरा मारला आणि पुढच्या शाळेला गेले. कारण विचारलं नाही.

त्या मुलीला 'वारा' वाचता येतो. मी स्वतः ऐकलंय. पूर्वी कोण कुठल्या अक्षराला अडतं, अनोळखी माणसासमोर कोण गप्प होतं, हे सर झोपेतून उठवलं तरी सांगायचे. या सत्रात तिला शेजारी बसवून ऐकायला त्यांना वेळच मिळालेला नाही. ताणामुळे शिकवणं बिघडतं म्हणतात, ते असं. हजेरी पूर्ण, पाठ टाचण पूर्ण, फक्त मूल ओळखीचं राहत नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्यासाठीच शिक्षकांना वर्गाबाहेर लावता येतं. त्यातल्या निवडणुकीचं काम आता बारमाही झालंय, आणि पोर्टलला कुणी अशैक्षणिक म्हणतच नाही.

केंद्रप्रमुखांना मी म्हटलं, सरांचं बीएलओचं काम माझ्या नावावर लावा. ते म्हणाले, "मग तिसरी-चौथी कोण बघणार, मॅडम?" बरोबरच आहे त्यांचं. पण हाच प्रश्न पहिली-दुसरीसाठी त्यांनी वर एकदाही लिहून पाठवलेला नाही.