केबल ओढते, परत आणते ती स्प्रिंग

खिंडीच्या माथ्यावर पोहोचलो तेव्हा ढग रस्त्यावरच उतरले होते. चढ संपला म्हणून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, पण रेस कमी होईना. पेडल तसंच आत राहिलं. पुढे उतार आणि लगेच वळण. क्लच दाबला असता तर भार सुटलेलं इंजिन आणखीच पिसाळलं असतं, म्हणून गाडी गिअरमध्येच ठेवून किल्ली एक घर मागे घेतली. बाहेर मात्र काढली नाही, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. इंजिनच्या ओढीने गाडी मंदावली आणि कडेच्या मोकळ्या जागेत थांबली. मी हँडब्रेक ओढेपर्यंत दादा उतरून चाकांखाली दगड लावतही होता.

आमची गाडी १९७१ सालची फोक्सवॅगन टाइप २ कॅम्पर, म्हणजे आत राहता येईल अशी व्हॅन. टाइप २चं उत्पादन १९५० साली जर्मनीत वोल्फ्सबर्गला सुरू झालं आणि १९५६ पासून हॅनोव्हरला. पहिल्या गाडीपासून रचना एकच: इंजिन अगदी मागे, चालक अगदी पुढे, पुढच्या चाकांच्याही वर. म्हणून अ‍ॅक्सिलरेटर, क्लच, हीटर या सगळ्यांचे हुकूम फरशीखालच्या नळ्यांतून, तीन-चार मीटर लांबीच्या तारांवरून मागे जातात. त्या नळ्या पन्नास वर्षं चिखल, पाणी आणि मीठ झेलत आल्या आहेत.

केबलचं एक साधं तत्त्व त्या दिवशी मला खरं कळलं. अर्नेस्ट बाउडन यांनी १८९६ साली जिचं पेटंट घेतलं ती लवचीक आवरणात सरकणारी केबल असो की फरशीखालच्या नळीतली ही तार, ती फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. परत आणण्याचं काम दुसऱ्या टोकाची स्प्रिंग करते. गंज चढू लागला की आपला पाय नकळत थोडा जास्त जोर लावतो आणि ओढ पहिल्यासारखीच वाटत राहते. स्प्रिंगला मात्र जास्तीचा जोर कुठून येणार? म्हणून बिघाड आधी परतीच्या वाटेवर होतो. गेले काही दिवस पेडल वर यायला क्षणभर उशीर करत होतं. तीच सूचना होती. मी ती ऐकायला हवी होती.

अ‍ॅक्सिलरेटरची जादा केबल आमच्या पेटीत असतेच. इंजिन निवू दिलं, मग मी मागे कार्ब्युरेटरच्या लिव्हरचा छोटा स्क्रू सैल केला आणि दादाने पुढून तार ओढून घेतली. मधोमध एक पेड तुटून उलटा वळला होता आणि नळीत काट्यासारखा रुतत होता. नव्या तारेला पूर्ण लांबीभर ग्रीस चोपडून ती पुढून सरकवली. मागे पंख्याच्या आवरणातून आरपार जाणारी एक वेगळी नळी आहे, तिचं तोंड सापडेपर्यंत माझी बोटं बधिर झाली. शेवटी दादाने पेडल तळाला दाबून धरलं आणि मी कार्ब्युरेटरचा तो लिव्हर व त्याच्या थांब्यात साधारण एक मिलिमीटर फट ठेवून स्क्रू आवळला. ही फट हवीच. नाहीतर प्रत्येक वेळी पायाचा सगळा जोर तारेवर येतो आणि तार लवकर तुटते.

पुढचा उतार काचेवरची वाफ फडक्याने पुसत उतरलो, कारण हीटर दोन दिवसांपासून धड चालत नव्हता. तळ्याकाठी जागा मिळाली आणि आम्ही तिथे दोन रात्री राहिलो. हीटरच्या नव्या केबली घरी गेल्यावर बसवू म्हणून पेटीत पडून होत्या. त्या तिथेच बसवायच्या ठरल्या.

हे इंजिन हवेने थंड होतं, त्यात रेडिएटर नाही. त्याच पंख्याची थोडी हवा एक्झॉस्टभोवतीच्या हीट एक्स्चेंजरमधून, म्हणजे एक्झॉस्टच्या उष्णतेने हवा तापवणाऱ्या आवरणातून, गरम होऊन पुढे येते. म्हणून चढावर ऊब भरपूर मिळते, गाडी नुसती उभी असली की जवळजवळ काहीच नाही. ही गरम हवा सोडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या झडपा दोन केबलींवर चालतात. आमची डावी झडप बंद अवस्थेत अडकली होती, उजवी अर्धी उघडी.

आदल्या रात्री सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. सकाळी खाली सरपटत जाऊन आधी दोन्ही केबली झडपांपासून सोडवल्या. नवी केबल हातात असली की ही पायरी टाळायचा मोह होतो, पण दोष तारेत आहे की झडपेत हे असंच कळतं. उजवी झडप बोटाने हलली, म्हणजे तिची तार जाम. डावीकडे तार सरकत होती, झडपच गंजून बसली होती. तिथे नवी केबल घातली असती तर तीही महिन्याभरात तुटली असती. तेल सोडून, पकडीने पुढेमागे हलवून ती झडप मोकळी करायला मला दोन तास लागले, आणि ते दोन तास सत्कारणी लागले असं मी मानतो. त्याच वेळी एक्स्चेंजरला कुठे भोक पडलंय का हेही बॅटरी लावून इंचाइंचाने पाहिलं. भोक असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट आत येतो, आणि त्याला वास नसतो.

उजवी तार पुढून ओढली तर अर्धीच हाती आली. उरलेली मागून जाड तारेने ढकलून काढली. मग जुन्या तारेचा तुकडा, टोकाचे पेड पिंजारून, ड्रिलमध्ये धरला आणि तेल घालत नळीत फिरवला. लाल चिखल गळत राहिला. तो थांबून स्वच्छ तेल येईपर्यंत दादाने हात थांबवू दिला नाही. नळीच्या मागच्या तोंडांवरची रबरी टोपणं चिरली होती. पाणी तिथूनच आत जात होतं. ती बदलली. मगच ग्रीस लावून नव्या केबली घातल्या. पुढचा हीटरचा लिव्हर बंद स्थितीत आणि झडप पूर्ण मिटलेली असताना बोल्ट आवळले.

तपासताना दादा आत बसून लिव्हर उघडायचा, सोडायचा. मी खालून झडप बघत होतो.

"उघडली?"

"उघडली. पण मला मिटताना बघायचीय दादा, परत सोड."

दोन्हीकडची स्प्रिंग झडपेला एका दमात मागे घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी पहाटे पुढची खिंड चढताना काचेच्या खालच्या कडेपासून वाफ हळूहळू मागे हटत गेली, आणि दादाने हातातलं फडकं घडी करून कप्प्यात ठेवलं.