नवीन आलंय, मग टाकायचं का?

"लिनक्सवर रेकॉर्डिंग करता ना तुम्ही? मग नवं डेबियन टाकलंत का?" हा प्रश्न मला फोनवर येतो, स्टुडिओत चहा पिताना येतो, आणि डेबियनची, म्हणजे विंडोजऐवजी वापरायच्या लिनक्सच्या एका प्रकाराची, १३ वी आवृत्ती आल्यापासून जरा जास्तच येतो. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हा जुनी मशिनं घेऊन लिनक्सकडे वळलेल्यांची भर पडली. मी 'टाकलंय' म्हटलं की लगेच पुढचं, "मग आम्हीही टाकू?" इथं मी चटकन 'हो' म्हणत नाही. आधी विचारतो, सध्या हातात कुणाचं काम आहे?

माझा स्टुडिओ मिरजेत. सतार-तंबोऱ्यांचं गाव, त्यामुळे येणारे बहुतेक गाणारे-वाजवणारे. भजनी मंडळं, तबल्याचे विद्यार्थी, आणि आषाढ लागला की आरत्या-गौळणींची घाई. डेबियन १३ आलं २०२५ च्या ९ ऑगस्टला आणि गणपती बसले २७ ला. त्या मधल्या काळात जो स्टुडिओच्या मशीनला हात लावेल त्याच्या धैर्याला माझा लांबूनच नमस्कार. मी दिवाळी उरकल्यावर लावला.

आता मिळतं काय ते सांगतो. डेबियन १२ मध्ये कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, ६.१ होता, १३ मध्ये ६.१२ आहे. या ६.१२ चं कौतुक एवढ्यासाठी, की रिअलटाइम कर्नलचं (ठरल्या वेळेत काम उरकणाऱ्या गाभ्याचं) काम, जे थॉमस ग्लाइक्सनर आणि मंडळी वीसएक वर्षं वेगळे पॅच म्हणून सांभाळत होती, ते २०२४ मध्ये अखेर मूळ कर्नलमध्ये आलं. डेबियनमध्ये रिअलटाइम कर्नल अजूनही वेगळं पॅकेज म्हणूनच घ्यावा लागतो, आपोआप मिळत नाही. आणि माझं मत विचाराल तर निम्म्याहून जास्त लोकांना तो लागतच नाही. बफर, म्हणजे मशीन एका वेळी हाताळतं तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलवर ठेवून काम करणार असाल, तर साधा कर्नलही पूर्ण प्रीएम्प्शन आणि थ्रेडेड इंटरप्ट हे तातडीच्या कामाला आधी वाट देणारे पर्याय लावून बूट केला की निभावून नेतो. ६४ किंवा त्याखाली जायचं असेल तर रिअलटाइमचा विचार करा.

पण ६४ वर जायचंय कशाला? हिशेब करून बघा. ४८ हजारांच्या सॅम्पल रेटवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने घेताना, १२८ चा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद. प्रत्यक्षात आवाज माइकमधून आत जाऊन हेडफोनमधून बाहेर येईपर्यंत याच्या दुप्पट-तिप्पट वेळ जातो, यूएसबी इंटरफेस (माइक आणि मशीन जोडणारी पेटी) असेल तर आणखी थोडा. नेमका किती, हे अंदाजानं सांगू नये. इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटमध्ये एक केबल घालावी आणि जॅक या आवाज वाहून नेणाऱ्या सॉफ्टवेअरचं 'आयओडिले' चालवावं, आकडा समोर येतो. हवेतून आवाजाला एक मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. बैठकीत तबलजी गवयापासून दोन मीटरवर बसला तर ६ मिलिसेकंद तिथंच गेले, आणि त्याबद्दल आजवर कुठल्या तबलजीनं तक्रार केलेली नाही. गायकाला मात्र स्वतःचाच आवाज हेडफोनमध्ये उशिरा आला की लगेच कळतं. तान घेताना तो थबकतो, मग हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवतो. ते सरकवणं दिसलं की मी आकड्यांकडे बघतो.

दुसरी गोष्ट पाइपवायर, म्हणजे प्रोग्रॅम आणि इंटरफेस यांच्यात आवाजाची ने-आण करणारं सॉफ्टवेअर. विम टायमन्सचं हे काम आधी व्हिडिओसाठी होतं, हळूहळू ते आवाजाकडे वळलं आणि जॅकचीही जागा घेऊ लागलं. १२ मध्ये ०.३.६५ होतं, १३ मध्ये १.४.२ आहे, आणि माझ्या लेखी अपग्रेडचं खरं कारण हेच. मूळ सेटिंग १०२४ च्या बफरचं असतं, म्हणजे एका बफरलाच २१ मिलिसेकंद. लोक तसंच रेकॉर्ड करायला बसतात आणि 'लिनक्स स्लो आहे हो' म्हणतात. ते १२८ वर आणायचं, आर्डोर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर पाइपवायरच्या जॅकमधून चालवायचं, आणि बाजूच्या टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप उघडं ठेवायचं. त्यात 'ईआरआर' नावाचा रकाना आहे. तबल्याचा पाच मिनिटांचा टेक घ्या आणि तो रकाना बघत बसा. आकडा हलला नाही तर मशीन तयार आहे. हलला, तर तेवढ्या वेळा आवाज तुटलाय, तुम्हाला ऐकू आला असो वा नसो. जलद लयीत 'तिरकिट'च्या मागे त्या तुटण्याची टिकटिक लपते आणि मिक्स करताना, एकट्या तबल्याचा ट्रॅक लावला की वर येते. तेव्हा तबलजी कोल्हापूरच्या गाडीत बसलेला असतो.

हे झालं मिळण्याचं. जातं काय, ते कुणी विचारत नाही.

विंडोजचे प्लगइन (आवाजावर परिणाम करणारी जोड-सॉफ्टवेअरं) वाइन, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर, आणि त्यावरचा प्लगइनसाठीचा पूल यब्रिज यांमधून वापरत असाल तर आधी थांबा. १२ मध्ये वाइन ८ होतं, १३ मध्ये १० आहे. मध्ये ९.२१ नंतर वाइनमध्ये असा बदल झाला, की यब्रिजच्या खिडकीत माउसचा क्लिक भलतीकडेच पडू लागला. प्लगइन चालतो, आवाजही बरोबर येतो, पण नॉब फिरवायला जावं तर दुसराच हलतो. यावर उपाय जुनं वाइन धरून ठेवण्याचा. मी त्या भानगडीत पडलो नाही, एलएसपीचे आणि एक्स४२ चे प्लगइन लिनक्सचेच आहेत, माझं त्यावर भागतं. तुमचं भागेल असं नाही. एखाद्या विशिष्ट रिव्हर्बवर (आवाज घुमवणाऱ्या प्लगइनवर) जीव असेल तर तो आधी दुसऱ्या मशीनवर चालवून बघा.

आर्डोर ७.३ वरून ८.१२ वर जातं. जुनं सेशन नव्यात उघडतं आणि मूळ फाइलची प्रत बाजूला राहते, पण नव्यात सेव्ह केलेलं परत जुन्यात उघडेल यावर विसंबू नका. म्हणून अपग्रेडच्या आधी प्रत्येक चालू कामाचे सगळे ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड वेव्ह फाइली करून बाहेर काढावेत. कंटाळवाणं काम आहे. त्या फाइली मात्र दहा वर्षांनी कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतील.

आणि एक बारीक गोष्ट. १३ मध्ये तात्पुरत्या फाइलींचं टेम्प फोल्डर आता डिस्कवर नसून मेमरीत असतं. लांबलचक कीर्तनाचा बाउन्स, म्हणजे सगळे ट्रॅक मिळून एक फाइल, तिथं करायची सवय असेल तर रॅम भरते, आणि रीबूट केलं की फाइलही जाते.

पद्धत म्हणाल तर मी जुन्यावर नवं चढवत नाही. डिस्कवर दुसरं पार्टिशन, म्हणजे वेगळा भाग, ठेवतो, नवं तिथं टाकतो, जुनं आहे तसंच राहतं. बूट करताना कुठलं हवं ते निवडायचं. रेकॉर्डिंगच्या फाइली तिसऱ्या पार्टिशनवर, दोन्हीकडून दिसतील अशा. जुन्यावरच चढवायचं असेल, तर केएक्स स्टुडिओसारख्या बाहेरच्या रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजांची कोठारं, आधी बंद करा, आणि यूपीएसची बॅटरी तपासा. पॅकेजं अर्धी उलगडलेली असताना लाईट जाणं आपल्याकडे अशक्य कोटीतलं नाही.

फक्त नवा इंटरफेस घेतलाय आणि तो जुन्या कर्नलला नीट ओळखता येत नाही, एवढंच कारण असेल, तर अख्खी सिस्टीम बदलायची गरज नाही. १२ च्या बॅकपोर्ट्समध्ये, म्हणजे जुन्या आवृत्तीसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजांत, ६.१२ कर्नल मिळतो. बाकी सगळं जागच्या जागी राहतं. आणि '१२ वरच राहिलो तर?' याचं उत्तर, राहा की. नेहमीचे सुरक्षा अपडेट जून २०२६ पर्यंत आणि त्यापुढे दीर्घकालीन सपोर्ट जून २०२८ पर्यंत. तोपर्यंत दोन गणपती सुखानं निघतील.

एवढं करूनही नव्या सिस्टीमवर आवाज तुटत असेल, तर मला जरूर फोन करा. पण त्याआधी तुमचं युजरनेम 'ऑडिओ' ग्रुपमध्ये आहे का तेवढं बघा. जॅक टाकताना डेबियन विचारतं, रिअलटाइम प्राधान्य द्यायचं का, आणि तिथं आधीपासून 'नाही' निवडलेलं असतं. घाईत एंटर दाबलेल्यांचेच निम्मे फोन असतात.