मांडवा ते जयगड: चार खाड्या, एक शिडाची होडी आणि पाण्याची ओढ

दोन वर्षांपूर्वी हर्णैला आम्ही दुपारी चार वाजता होडीत बसलो होतो. सुवर्णदुर्गाला एक फेरी मारून परत यायचं, एवढंच. दहाव्या मिनिटाला माझी लेक पांढरीफटक पडली आणि किनाऱ्याला लागेपर्यंत तिच्या पोटात काही उरलं नाही. होडीवाल्याची त्यात काही चूक नव्हती. वेळ मी ठरवली होती, ती जेवणखाण आणि हॉटेलच्या सोयीने. वारा कुठला आहे, पाणी चढतंय की उतरतंय, याचा विचारच केला नव्हता.

या डिसेंबरात पुन्हा त्याच किनाऱ्याने गेलो, पण अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सोबत घेऊन. अप्पा मालवाहू जहाजांवर सुकाणी होते. आमचं गाव गुहागरच्या पुढे. एरवी आम्ही पुण्याहून घाट उतरून सरळ गावी जातो. यावेळी मुंबईहून मांडवा, तिथून मुरूड, आणि मग खाडीमागून खाडी जंगलजेट्टीने, म्हणजे गाड्या-माणसं पलीकडे नेणाऱ्या सपाट बोटीने, ओलांडत पाच दिवसांत घर गाठलं. होडी वाऱ्यापाण्यात कशी हलते हे एकदा डोळ्यांनी कळलं की हा प्रवास किती सुखाचा होतो, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

निघायच्या आदल्या रात्री अप्पांनी कालनिर्णय काढलं. कोकणात सगळ्यांना ठाऊक असलेला हिशोब आहे: तिथीला पाऊणपट करा, येईल ती भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे १५, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन. हा अंदाज आहे. मुंबईत भरती त्याहून थोडी उशिरा येते, दक्षिणेकडे जावं तशी लवकर. पण सहलीचा दिवस आखायला तेवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, त्यामुळे खाडीतली ओढही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा सगळं सौम्य. आम्ही पौर्णिमेलाच निघालो होतो, म्हणजे पाच दिवस उधाणाचं पाणी.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते. २०२०च्या मार्चपासून सुरू झालेली ही सोय आता बहुतेकांना माहीत आहे, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. गाडी खाली लावून वर आलो. लेक लगेच सगळ्यात वरच्या मजल्यावर, अगदी पुढे जायला निघाली. अप्पांनी तिला थांबवलं आणि आपला तळहात आडवा धरला. "ही बोट. ही सहा तऱ्हांनी हलते." हात वरखाली केला. पुढेमागे सरकवला. डावीउजवीकडे सरकवला. मग कलंडवला, एकदा अंगठ्याच्या बाजूने, एकदा करंगळीच्या. मग बोटं वर-मनगट खाली, मनगट वर-बोटं खाली. शेवटी बोटं डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. "आता सांग, यात सगळ्यात कमी काय हलतंय?" तिने तळहाताच्या मध्यावर बोट ठेवलं. "मग तिथंच बसायचं."

बोट लागत असेल त्यांनी एवढं लक्षात ठेवा: मधोमध आणि शक्य तितकं खाली बसा. टोकाला नाळेबरोबर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाबरोबर, तुम्ही वर जाता आणि आदळता, उंचावर डोलणं मोठं होतं. नजर मोबाइलमध्ये नको, क्षितिजावर ठेवा. पोट अगदी रिकामं नको आणि तट्ट भरलेलंही नको. आम्ही आलेपाक चघळत होतो. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, बसण्याआधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग फारसा होत नाही.

बंदराबाहेर पडल्यावर बोट संथ डोलायला लागली. अप्पा म्हणाले, प्रत्येक जहाजाला आपला ताल असतो, झोपाळ्याला असतो तसा. रुंद आणि खाली वजन असलेलं जहाज भरभर सरळ होतं, माणसाला झटके बसतात, पण ते भक्कम. वर वजन चढलं की ते सावकाश झुकतं, सावकाश परत येतं. ते प्रवाशांना सुखाचं वाटतं, खलाशांना मात्र त्याचीच धास्ती. आणि लाटांचा ताल जहाजाच्या तालाशी जुळला, तर झोपाळ्याला योग्य वेळी झोके मिळावेत तसं डोलणं वाढतच जातं. अशा वेळी सुकाण्याला हुकूम येतो, दिशा थोडी बदल. पावसाळ्यातल्या अरबी समुद्रात अप्पांनी हे कितीदा केलंय.

याच पाण्यात १७ जुलै १९४७ला रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्या दिवशी गटारी अमावास्या होती. आमच्या आजीच्या तोंडून ती गोष्ट मी लहानपणी ऐकलेली. कलंडत्या बोटीत माणसं एका बाजूला धावली की बोटीला सरळ व्हायला जागाच उरत नाही. म्हणून डॉल्फिन दिसला तरी सगळ्यांनी एका कठड्याला लोटू नका. होडीवाला ओरडला तर राग मानू नका.

मांडव्याला लाटा अडवणारा बांध आहे. त्याच्या आड शिरताच डोलणं असं थांबलं की लेकीने चमकून आजोबांकडे पाहिलं. लाट हलवत होती, वारा नव्हे, हे तिचं तिलाच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजपुरीहून जंजिरा. शिडाच्या होडीत बसायची हौस असेल तर सकाळी लवकर जा. रात्रभर जमीन गार होते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. त्याने शीड भरलं आणि होडी पाठीवर हात ठेवून ढकलावी तशी किल्ल्याकडे निघाली. एकही लाट फुटत नव्हती.

किल्ल्याच्या दरवाजाशी मात्र खरी परीक्षा. वारा जवळजवळ नाही, पाणी तेलासारखं गुळगुळीत, आणि तरी होडी पायरीशेजारी दोन-अडीच फूट वरखाली होत होती. कुठेतरी दूर वादळाने उठलेल्या लाटा शेकडो मैल चालत इथवर येतात, तेव्हा त्यांचा माथा फुटत नाही, नुसता फुगवटा उरतो. अप्पांनी लेकीला मोजायला लावलं: एक, दोन, तीन... दहाला होडी पुन्हा वर. दहा सेकंदांची लाट म्हणजे खोल समुद्रात एका माथ्यापासून दुसऱ्यापर्यंत दीडशे मीटरहून जास्त अंतर, आणि वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या वर. जवळच एक नारळ तरंगत होता. इतक्या लाटा त्याच्या खालून गेल्या, पण तो जिथल्या तिथे वरखाली होत, अगदी सावकाश खाडीच्या तोंडाकडे सरकत होता. वरखाली करते ती लाट, वाहून नेते ती भरतीची ओढ. दोन्ही त्या नारळात दिसत होत्या.

उतरताना घाई करू नका. दोन-तीन वेळा होडी वरखाली होऊ द्या, ताल कळू द्या, आणि ती वर येऊन क्षणभर थबकते तेव्हा पाय टाका. खाली जाताना टाकलात तर पायरी वर निघून गेल्यासारखी वाटते. होडी आणि दगड यांच्या मध्ये हात कधीही घालू नका. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून पाठीवरची पिशवी घ्या. नाखवा, म्हणजे होडी चालवणारा, हात देतो तेव्हा मनगट धरा, बोटं नव्हे.

परत निघालो तेव्हा अकरा वाजायला आले होते. मतलई पडला होता, समुद्राकडून येणारा खारा वारा अजून उठला नव्हता. शीड लोंबत राहिलं. होडी उभी आहे असं वाटत होतं, पण काठावरचं एक झाड आणि त्यामागचं घर यांच्यावर नजर ठेवली तर झाड घरापासून दूर सरकताना दिसत होतं. भरती आम्हाला खाडीच्या आत नेत होती. नाखवाने काही न बोलता वल्हं काढलं. पाण्यात बसून पाण्याची ओढ कळत नाही, कारण होडीसह आपण सगळेच वाहत असतो. ती बघायला किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धराव्या लागतात. हे मला या प्रवासातलं सगळ्यात मोलाचं शिक्षण वाटतं.

आगरदांडा ते दिघी ही जंगलजेट्टी खाडीच्या आतल्या अंगाला आहे, तिथे फारसं काही जाणवलं नाही. दिवेआगरला मुक्काम केला, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर केलं, आणि तिसऱ्या दिवशी बागमांडल्याला आलो तेव्हा चार वाजले होते. द्वितीया, म्हणजे दीडची भरती. ओहोटीचे अडीच तास झालेले. पाणी सहा तास सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासाला थोडं, तिसऱ्या-चौथ्या तासाला सगळ्यात जास्त. आम्ही अगदी भर ओढीत सापडलो होतो. सावित्रीचं पाणी खांबांना वळसे घालून समुद्राकडे धावत होतं.

जंगलजेट्टी सुटली आणि लेक म्हणाली, "आजोबा, आपण चुकलो. वेसवी तिकडे आहे." खरंच, नाळ वेसवीच्या जेटीकडे नव्हतीच, बरीच डावीकडे, नदीच्या वरच्या अंगाला रोखलेली होती. पण जेटी आणि तिच्यामागचा डोंगर जसाच्या तसा एका रेषेत राहिला होता. आम्ही तिरकं तोंड करून सरळ चाललो होतो. अप्पांनी हिशोब मांडला: बोटीचा वेग ६ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आणि ओढ २ नॉट धरली, तर नाळ जवळजवळ २० अंश वर धरावी लागते. ओढ वाढली की कोन वाढवायचा, काठाजवळ ओढ मंदावली की कमी करायचा. वर घरासारखी चालकाची खोली, उघड्यावर उभ्या गाड्या. त्यात टेम्पो-बस असली की वाऱ्याला धरायला मोठी भिंतच मिळते. त्या दिवशी खारा वारा बोटीला आत ढकलत होता आणि ओहोटी बाहेर ओढत होती. चालक दोन्हींचा तोल सांभाळत होता, आणि हाताची हालचाल बघावी तर चहाचा कप धरल्यासारखी सहज. अप्पा सबंध वेळ त्याच्याकडेच बघत होते.

गाडीवाल्यांसाठी सांगते. चढवताना माणसं जिथे हात दाखवतील तिथेच लावा. ती मंडळी वजनाचा तोल बघून गाड्या लावतात. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, आणि शक्य असेल तर मुलांना घेऊन खाली उतरा. उधाणाच्या ओहोटीला जेटीचा उतार खूप खालपर्यंत उघडा पडतो. तिथे शेवाळ असतं, आणि रॅम्प जिथे टेकतो तिथे कोन पडून खाली असलेल्या गाडीचं पोट घासतं. आमच्यापुढच्या गाडीचं घासलं. सामान आणि माणसं उतरवून, अगदी सावकाश, थोडं तिरकं घेतलं की निभावतं.

हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव पाहिला. होडीत बसलो नाही. चौथ्या दिवशी सकाळी दाभोळला पोचलो, आणि इथे अप्पांनी नांगरलेल्या होड्या दाखवल्या. ओहोटी संपत आली होती. खोल तळाचे मोठे ट्रॉलर अजून पाण्याकडे, म्हणजे खाडीच्या वरच्या अंगाला तोंड करून होते. हलक्या लहान होड्या मात्र वाऱ्याच्या मर्जीने वळलेल्या. अर्ध्या तासात ट्रॉलरही एकेक करून सैल पडले, कुणाचं तोंड कुठेही. ओढ थांबली होती. त्या वेळेत धोपाव्याला गेलो, चहा डुचमळला नाही. जेटीवर पोचलात की आधी या होड्या बघा. सगळ्या एका दिशेला ताठ तोंड करून असतील तर ओढ किंवा वारा जोरात आहे. काही आडव्या झाल्या असतील तर दोघांत झगडा चालू आहे.

तो झगडा आम्ही पाचव्या दिवशी तवसाळ-जयगडला पाहिला. चतुर्थी, तीनची भरती, आणि आम्ही पाच वाजता जेटीवर. खाडीच्या तोंडाशी बाहेर धावणारी ओहोटी आणि समोरून येणारा वायव्येचा वारा. समोरून ओढ आली की लाट आखडते, तिची लांबी कमी होते, उंची वाढते, माथा फुटतो. तोच वारा, तेच पाणी. भरती चालू असती तर लाटा इतक्या उभ्या राहिल्या नसत्या. हर्णैला दोन वर्षांपूर्वी वाऱ्याची वेळ हीच होती, हे तिथे उभं राहून माझ्या लक्षात आलं. जंगलजेट्टीला काही झालं नाही, फक्त तुषार गाड्यांवर येत राहिले. लहान होडीने मात्र अशा वेळी खाडीच्या तोंडातून बाहेर पडू नये. लेक अप्पांच्या शेजारी उभी होती, दोन्ही हात मोकळे.

थोडं वेळापत्रकाबद्दल. लहान होड्यांच्या सहली सकाळी अकराच्या आत उरका. प्रवासी होड्या आणि जलदुर्गांच्या फेऱ्या साधारण जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. बाकीच्या दिवसांतही बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे धोक्याचा इशारा, लागला असेल तर हट्ट करू नका. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे उंच लाटांचे इशारे आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा अंदाज आदल्या दिवशी बघून ठेवा. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि मुलांना खालचा पट्टाही बांधा. जंगलजेट्टीची शेवटची फेरी कधी हे सकाळीच फोन करून विचारा. ती चुकली तर रस्त्याने मोठा वळसा पडतो.

आणि त्याच रात्री गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. आम्ही गावी पोचल्यावर विहिरीचं पाणी काढून धुतली, तेव्हा काचेवर मिठाचा पांढरा थर आला होता.