सोळा नाही, चाळीस

"मॅडम, चुकलंय. अप्पांना सोळा नाही, चाळीस गेलंय."

संध्याकाळचे सातपस्तीस झाले होते. मी सांभाळते त्या वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात कपाटापाशी रात्रीपाळीचे डायपर मोजून देत होते. दिवसपाळीची सिस्टर समोर उभी, हातात लाल टोपणाची रिकामी सिरिंज. इन्सुलिनच्या सिरिंजची सुई निघत नाही, म्हणून ती अख्खी पांढऱ्या डब्यात टाकायची असते. टाकता टाकता तिचं टोपणाकडे लक्ष गेलं. तिथेच आकडेमोड करून ती आली होती. त्याआधी तिने अप्पांना उठवून बसवलं होतं आणि मावशींना सांगितलं होतं, "जेवण आत्ताच द्या, दुधात तीन चमचे साखर घाला आणि मी येईपर्यंत खोली सोडू नका."

बाहेरच्या माणसाला या चुकीचा अंदाज येणार नाही, म्हणून नीट सांगते. आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदीत मिळतं. बाटलीतलं बहुधा एका मिलीला 40 युनिटचं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनमध्ये बसणारी 3 मिलीची काडतुसं एका मिलीला 100 युनिटची. 100 युनिटच्या इन्सुलिनसाठी सिरिंज लागलीच तर ती नारिंगी टोपणाची. लाल टोपणाच्या सिरिंजवर 16 ची खूण म्हणजे 0.4 मिली. बाटलीतून तेवढं ओढलं तर बरोबर 16 युनिट. काडतुसातून तेवढंच ओढलं तर 40. खूण तीच, हात तोच, औषधाचं नावही तेच, डोस अडीचपट.

आणि काडतुसातून सिरिंजने ओढायचंच नसतं. आत हवा शिरते, मग पुढे पेनचेही डोस चुकतात. हे त्या सिस्टरला माहीत होतं. पण पेनच्या सुया दोन दिवसांपूर्वी संपल्या होत्या. अप्पांच्या मुलाला फोन केला होता, तो रविवारी आणणार होता. आमच्या औषधाच्या खोलीत सुयांचा जादा डबा ठेवा, हे मी मालकांना दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. ही चूक माझ्या खात्यावर आहे. त्या रविवारपर्यंत अप्पांना इन्सुलिन कशाने द्यायचं, हे ठरवणं माझं काम होतं. मी ते अकरा तास पायावर उभ्या असलेल्या मुलीवर सोडलं.

डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या: कधी दिलं, नक्की किती, खाल्लं का. कोणी दिलं, हे विचारलंच नाही. अठरा वर्षांत मी बरेच डॉक्टर पाहिले. पहिला प्रश्न 'कोणी' असा असला की पुढची दोन उत्तरं खोटी येतात. सातचाळीसला साखर 186 होती. आकडा चांगला दिसतो म्हणून थांबलो असतो तर फसलो असतो. हे 30/70 मिश्रण होतं, म्हणजे 30 टक्के लवकर आणि 70 टक्के सावकाश काम करणारं इन्सुलिन; त्याचा जोर दोन ते आठ तासांत चढतो आणि अंमल जवळजवळ दिवसभर राहतो. म्हणजे खरा धोका मध्यरात्रीनंतर, अप्पा झोपलेले आणि अठ्ठावीस जणांमागे एकच सिस्टर. झोपेत घाम आला, शुद्ध हरपली, तर 'म्हातारं माणूस गाढ झोपलंय' असंच वाटतं. डॉक्टर म्हणाले, लक्षणांची वाट पाहू नका, हलवा. आम्ही सलाइनसाठी सुई लावली, दर अर्ध्या तासाने साखर पाहिली आणि नऊच्या सुमारास अप्पा ॲम्ब्युलन्समध्ये होते. रात्री एकला त्यांची साखर 61 पर्यंत उतरली. तेव्हा ते रुग्णालयात होते, 10 टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाइन, चालू होतं. तिसऱ्या दिवशी परत आले आणि आल्याआल्या चहा फिका का म्हणून रागावले.

मुलाला फोन मीच केला. "चुकून जास्त इन्सुलिन गेलं, 16 च्या जागी 40, आमच्या हातून." तो ओरडला. ओरडणारच. मी ऐकून घेतलं आणि रात्रभर दर दोन तासांनी आकडा कळवत राहिले.

मालकांचं म्हणणं वेगळं होतं: फाइलमध्ये 'साखर कमी होत असल्याने हलवले' एवढंच लिहा. मी वेळ, प्रकार, मात्रा, सिरिंज, सगळं लिहिलं. लिहिलं नसतं तर रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कशावर उपचार केले असते? आपली अब्रू वाचवायला पेशंटचा जीव टांगणीला लावायचा, याला मी व्यवस्थापन म्हणत नाही. सिस्टरचा आठवड्याचा पगार कापायचाही विषय निघाला. तिथे मी त्यांना दोन वर्षांपूर्वीची पहाट आठवून दिली.

तेव्हा आमच्याकडे दंड होता. पेशंट पडला की ड्युटीवरच्या मावशीचे 500 रुपये. त्या महिन्यात एका मावशीचे दोनदा कापले गेले होते. तिसऱ्यांदा पहाटे चारला एक आजी संडासच्या दाराशी पडल्या. मावशीने एकटीने उचलून गादीवर ठेवलं, चादर सारखी केली आणि ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची खबर सोपवताना, 'रात्र शांत' म्हणाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डायपर बदलताना दिसलं, की एक पाय आखूड आणि पंजा बाहेर वळलेला. खुब्याचं हाड मोडलं होतं. जवळजवळ दीड दिवस त्या आजींना आम्ही दर दोन तासांनी कुशीवर वळवत होतो, त्याच मोडक्या पायावर. मावशीला सगळ्यांनी बोल लावला. मला मात्र ते पाचशे रुपये दिसत होते.

त्यानंतर दंड बंद केला. ओव्हर काउंटरवरून उठवून पलंगापाशी नेली. अठ्ठावीस पलंगांना पंचवीस मिनिटं लागतात, म्हणून रात्रपाळी पावणेआठला येते आणि त्या जादा वेळेची भरपाई महिन्याला एका सुट्टीने होते. प्रत्येक पलंगापाशी आधी मावशी किंवा मामा बोलतात, मग सिस्टर. अर्धीच पोळी खाल्ली, लघवीला वास येतोय, माकडहाडावर लाली आहे, हे भरवणाऱ्या-पुसणाऱ्या हातांना आधी कळतं. 'पडता पडता वाचले' अशी एक वही ठेवली. मावशी तोंडी सांगतात, सिस्टर लिहिते. पण एक गोष्ट ठाम सांगते: वहीत लिहिलेलं चोवीस तासांत हललं नाही, तर दोन आठवड्यांत सांगणं थांबतं. व्हीलचेअरचा ब्रेक लागत नाही असं मामांनी सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी ती खुर्ची दुरुस्तीला गेलेली दिसली पाहिजे. भिंतीवर ध्येयवाक्यं लावून हे होत नाही.

म्हणून सिस्टर पंधरा मिनिटांत माझ्यासमोर आली, असं मी मालकांना सांगितलं. त्यांनी पगार कापला नाही. सुयांचा डबाही आला.

पण मला एक गोष्ट अजून सोडत नाही. दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाल्या, की सिस्टर इन्सुलिन ओढत असताना त्यांनी विचारलं होतं, "याला लाल टोपण चालतं का?" सिस्टर घाईत "चालतं" म्हणाली. मी विचारलं, मग मला हाक का नाही मारलीत? "त्या शिकलेल्या आहेत मॅडम, मी कोण आडवी येणार?" दोन वर्षं ओव्हरमध्ये सगळ्यांआधी बोलणारी बाई, आणि एका शब्दावर थांबली. पलंगापाशी खबर सांगणं वेगळं आणि शिकलेल्या हाताला थांबवणं वेगळं. मी फक्त पहिल्याची सवय लावली होती.

आता इन्सुलिन दोघींसमोर मोठ्याने वाचून द्यायचं: बाटलीवरचा आकडा, टोपणाचा रंग, युनिट. मावशी "दाखवा" म्हणाल्या की सिस्टरने दाखवायचं, त्याशिवाय टोचायचं नाही. आतापर्यंत तीनदा थांबवलं गेलं, तिन्ही वेळा डोस बरोबर होता. एक सिस्टर चिडली. मी तिच्यादेखत मावशींना म्हटलं, "उद्याही विचारा."

ती सिस्टर कामावर आहे. अप्पांच्या खोलीत मला लावू नका, असं तिने सांगितलंय. अप्पा रोज विचारतात, ती पोरगी कुठे गेली. तिच्यावर जबरदस्ती करू, की तिला लांब ठेवून तिच्या मनातली भीती पक्की करू, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पुढच्या महिन्याचा ड्युटीचा तक्ता परवा लावायचाय, आणि अप्पांच्या बारा नंबर खोलीपुढची जागा अजून कोरी आहे.